धुराची उसनवारी

माझ्या नोकरीचं नाव पर्यावरण अधिकारी. पाटीवर ते झकास दिसतं. गावात मात्र मला 'धूरवाली वहिनी' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर गावानं ठेवलेलं नाव जास्त बरोबर आहे. वाईला नदीच्या घाटावर खेळत वाढलेली, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलेली मी लग्न होऊन तासगावच्या बाजूला आले. नवरा फौजेत, त्याची बदली राजस्थानात. घरी बसून करायचं काय, म्हणून गावाशेजारच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याच्या कारखान्यात नोकरी धरली. बॉयलरमध्ये उसाचं बगॅस, म्हणजे चिपाडं, जाळायचं, त्या वाफेवर पुठ्ठा वाळवायचा आणि पेट्या करणाऱ्यांना द्यायचा, हे कारखान्याचं काम. चिमणीतून राख किती बाहेर पडते ते बघायचं आणि सरकारला कळवायचं, हे माझं. चिमणीच्या पोटात एक मीटर बसवलेलं आहे. ते दिवसभर आपले आकडे थेट पुण्याला पाठवत असतं, आणि आकडा वर गेला की पुण्याहून मला फोन येतो.

घरी दुसरं मीटर होतं. माझे सासरे.

आबा तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दोन एकर द्राक्षबाग, आणि तिचा सगळा माल बेदाण्याला. घरामागं बेदाण्याचं शेड आहे. आत जाळ्यांचे एकावर एक मजले, त्यावर पसरलेले द्राक्षांचे घड, आणि बाजूनं हिरवं कापड. तिथं द्राक्षं पंधरा दिवस वाळतात आणि त्या पंधरा दिवसांत आबा कुणाशी नीट बोलत नाहीत. शेडच्या कोपऱ्यातल्या खांबावर ते रोज संध्याकाळी चहाची एक पांढरी बशी ठेवायचे. सकाळी ती उतरवायची, तिच्यावरून बोट फिरवायचं आणि ते बोट माझ्यासमोर धरायचं.

"बग सूनबाई, तुज्या कारखान्याचा निरोप आलाय."

बोट कोरं असलं तर मला पोह्यांवर जास्तीचं खोबरं मिळायचं. काळं असलं तर पोहे मीच करायचे.

हंगामाचा पहिला माल, शेडच्या एका जाळीवर मावेल एवढाच, विकायचा नाही, असा आबांचा नियम होता. तो पलटणीचा. त्यांच्या वेळचे सात जोडीदार अजून हयात होते. एक औंधचा, एक माणदेशातला, बाकीचे पार हरियाणा, गढवालपर्यंत पांगलेले. प्रत्येकाला एक किलो बेदाणा, मांजरपाटाच्या पिशवीत शिवलेला, वर आबांच्या हातचा पत्ता. नोकरी सुटल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. गढवालचा हवालदार तर फेब्रुवारी संपत आला की स्वतःच फोन करायचा, "सुबेदार साब, माल चला क्या?" जणू काही दारूगोळाच मागवलाय.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सरकारनं आमच्या वसाहतीत एक नवा प्रयोग करायचं ठरवलं.

पुण्याहून एक साहेब आले. वयानं माझ्याहून लहान, चष्मा, पाठीवर सॅक, आणि चेहऱ्यावर जग सुधारायला निघालेल्या माणसाचा उत्साह. वसाहतीच्या हॉलमध्ये सगळ्या कारखानदारांना बसवून त्यांनी योजना सांगितली. सगळ्या वसाहतीनं मिळून एका हंगामात किती राख हवेत सोडायची, त्याला एक मर्यादा. तेवढेच परवाने निघणार. एक परवाना म्हणजे एक किलो राख. प्रत्येक कारखान्याला महिन्याला आपापला वाटा. ज्याचे उरतील त्यानं विकावेत, ज्याला कमी पडतील त्यानं विकत घ्यावेत. महिना संपताना, त्या महिन्यात जितकी राख सोडली तितके किलो हातात पाहिजेत, नाहीतर दंड. सगळी खरेदी-विक्री कॉम्प्युटरवर.

"म्हंजे साहेब, ह्येचा भाव कांद्यागत रोज फुटणार?" आमच्या मालकांनी विचारलं.

"अगदी बरोबर!" साहेब खूश झाले. मालक वळून माझ्याकडं बघत हळूच म्हणाले, "मॅडम, मला कायबी कळलं न्हाई. तुमी बगा."

घरी मी आबांना ते विहिरीवरून समजावलं. आमची विहीर चौघांत आहे. कुणी किती तास मोटर चालवायची ते ठरलेलं. पण एखाद्याचं रान भिजलेलं असलं की तो आपले तास दुसऱ्याला देतो. विहिरीतलं पाणी काही वाढत नाही, फक्त पाळी इकडची तिकडं होते. धुराचंही तसंच, म्हटलं. कारखानदारांना जे अर्ध्या दिवसात कळलं नाही ते आबांना एका मिनिटात कळलं.

"बेस हाय," ते म्हणाले. "पर सूनबाई, पाणी पाटानं जातं. ज्येची पाळी त्येच्याच रानात. धूर कुठल्या पाटानं जातो?"

"आबा, तसं नसतं. एकूण धूर कमी होतो."

"एकूण म्हंजी कुठं? मी बशी कुठं ठिवू?"

मी एम.एस्सी. आहे, शिवाय माझा स्वभाव तापट आहे. उत्तर येत नसलं की मला राग येतो. मी म्हटलं, "तुमची ती बशी आता पुरे करा," आणि भाकऱ्या थापायला निघून गेले.

बाजार सुरू झाला. म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला, बाजार नाही. विक्रीच्या रकान्यात कोरं, खरेदीच्या रकान्यात कोरं. त्याचं कारण पुण्याला कळणं शक्य नव्हतं. आमच्या वसाहतीतले निम्मे कारखानदार एकमेकांचे सोयरे, आणि उरलेले निम्मे एका वर्गात शिकलेले. व्याह्याला धूर विकायचा? आणि तोही भाव करून? उद्या लग्नाच्या पंगतीत शेजारी बसायचं आहे. लोक तोंडात शेण घालतील.

पहिल्यांदा आम्हाला साठ किलो कमी पडले तेव्हा मी शेजारच्या दूध भुकटीच्या कारखान्यात गेले. त्याचे मालक लांबच्या नात्यानं माझ्या नवऱ्याचे काका. आख्ख्या वसाहतीत ते 'भुकटीकाका' म्हणूनच ओळखले जातात. मी परवान्यांचा विषय काढला तर ते चक्क दुखावले.

"विकत? आवं, शेजारी ऱ्हाताय तुमी. साठ किलोचं काय घिऊन बसलाय? न्या की. झालं की आणून द्या."

आता झालं असं की कॉम्प्युटरला फुकट चालेना. किंमत शून्य टाकली की लाल अक्षरात रागवायचा. मग काकांनी तोडगा काढला. एक रुपया टाका. आहेराच्या पाकिटावर चिकटवतो तसा. कॉम्प्युटर गप्प बसला. पुढच्या महिन्यात देखभालीसाठी आमचा बॉयलर चार दिवस बंद होता, तेव्हा आमचे परवाने उरले. मी साठ किलो परत केले. पण शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणली तर परत देताना वाटी शिगोशीग भरून देतात, ही रीत मला वाईलाही माहीत होती आणि इथंही. मी पासष्ट पाठवले. काकांनी फोन करून "ह्ये कशाला?" म्हटलं, तेही रीतीप्रमाणंच.

बघता बघता सगळी वसाहत उसनवारी करायला लागली. ओतकामवाला तेलगिरणीला देतोय, तेलगिरणी भुकटीला. एकानं तर दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नात पन्नास किलो धूर आहेर म्हणून दिला. नवरा-नवरीला त्याचं काय करायचं ते कळलं नाही, पण वधुपित्याचे डोळे पाणावले. मला ह्या सगळ्यात फार मजा येत होती. कुणाकडं उरलंय, कुणाला कमी पडतंय, हे मला तोंडपाठ असायचं. हळदीकुंकवाला जावं तशी मी ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात चहा पीत फिरायचे.

मग पुण्याहून साहेबांचा फोन.

"मॅडम, तुमच्या वसाहतीत व्यवहार भरपूर झालेत, पण सगळे एक रुपयानं. सिस्टीममध्ये काही बिघाड आहे का?"

"नाही सर, सिस्टीम छान आहे."

"मग भाव कुठं आहे?"

"भाव नाही सर. उसनं आहे."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. "आणि हे साठ घेऊन पासष्ट परत केले, हे काय आहे? व्याज?"

"नाही हो सर. वाटी रिकामी परत करत नाहीत ना, तसं."

"कसली वाटी?"

"तुमच्याकडं शेजारून साखर-बिखर आणत नाहीत का?"

"मॅडम," साहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. मीच येऊन बघतो."

ते यायच्या आधीच फेब्रुवारी लागला आणि आमच्या चिमणीच्या अलीकडं राख गाळणाऱ्या ज्या कापडी पिशव्या असतात, त्यातल्या बऱ्याचशा फाटल्या. आकडा एकदम चढला. मी मालकांना सांगितलं, पिशव्या बदलल्या पाहिजेत, त्यासाठी बॉयलर आठवडाभर बंद ठेवावा लागेल.

"आत्ता?" मालक ओरडले. "आवं मॅडम, द्राक्षाचा सीझन हाय! समद्या जिल्ह्याला पेट्या पाहिजेत, बेदाण्याचं बॉक्स पाहिजेत. आन् आमी बॉयलर बंद ठिवायचा? एप्रिलात बदलू. तवर तुमी उसनं बगा की. तुमचा हात कुणी मोडत न्हाई."

शेवटच्या वाक्यानं मी फुशारले, हे कबूल करायला हवं. एका दुपारीत तीन कारखाने फिरले, तीन कप चहा आणि एक लिंबू सरबत प्याले, आणि पंधरा दिवस पुरतील इतके किलो घेऊन आले. त्यापुढच्या महिन्यासाठी तीनशे किलो द्यायचं भुकटीकाकांनी तोंडी कबूल केलं. कागदोपत्री आम्ही चोख. जितका धूर तितके परवाने. मालकांनी जाहीर केलं की पुढच्या बैठकीत साहेबांसमोर मॅडमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा.

त्याच आठवड्यात आबांनी शेडमध्ये पहिला माल टाकला होता.

पहिल्या सकाळी आबांचं बोट काळं. मी पोहे केले. दुसऱ्या सकाळी बोट काळं. तिसऱ्या सकाळी त्यांनी बोट दाखवलंच नाही. बशी न धुता तिच्या पाठीवर खडूनं तारीख लिहिली आणि काचेच्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवसासाठी नवी बशी घेतली. असं रोज. घड वाळताना त्यावर तेलाचा हात असतो, पडलेली राख त्याला चिकटून बसते, पुसून निघत नाही. हिरव्या घडांवर बारीक काळे ठिपके दिसायला लागले. मी शेडमध्ये जायचं टाळलं.

घरात मात्र दुसरीच पंचाईत झाली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बश्या मोजायला लागल्या.

"आवं, बश्या द्या की माज्या. पावणं आलं तर काय तळहातावर चा द्यायचा?"

"पुरावा हाय त्यो," आबा म्हणाले. "हात लावायचा न्हाई."

आणि पाहुणे आलेच. रविवारी सकाळी भुकटीकाका सहज म्हणून डोकावले. आत्याबाईंनी नुसता कप पुढं केला. आता काकांची सवय अशी की चहा बशीत ओतल्याशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नाही. कप हातात धरून ते इकडं बघतात, तिकडं बघतात. शेवटी संकोचून म्हणाले, "वैनी, बशी?"

आत्याबाईंनी आबांकडं बघितलं. आबा उठले, कपाट उघडलं. अकरा बश्या एकावर एक, सगळ्या काळ्या.

"कुठल्या तारखंची दिऊ?" आबांनी विचारलं.

काका हसले नाहीत. त्यांनी एक बशी घेतली, उन्हात धरली, बोट फिरवलं. मग शेडमध्ये जाऊन आले. आल्यावर चहा तसाच गार झालेला पिऊन टाकला, कपानं, आणि माझ्याकडं न बघता गेले. मी ओट्याशी उभी होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेडवर पडलेली राख आमच्या चिमणीची म्हणायची, की तिला परवाने उसने देणाऱ्या शेजाऱ्यांची? काही म्हटलं तरी कागद आणून देणारी मीच.

आबांशी त्या रात्री बोलायचं धाडस मी केलं. म्हटलं, पिशव्या एप्रिलात बदलणार आहेत. ते म्हणाले, "एप्रिलात माज्या शेडात काय वाळत आसतंय, सूनबाई? तुज्या आत्याबाईचं पापड."

सोमवारी बैठक. हॉल भरलेला. मंचावर साहेब, मालक आणि मी. माझ्या अंगावर शाल, हातात नारळ. साहेब भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले की तुमची आपुलकी बघून माझं मन भरून आलं, पण घात झाला. धुराला भाव असावा म्हणून ही योजना आहे. भाव असता तर परवाने घेण्यापेक्षा पिशव्या बदलणं स्वस्त पडलं असतं, आणि फाटल्या त्याच दिवशी त्या बदलल्या गेल्या असत्या. "तुम्ही एकमेकांना धूर फुकट दिलात," ते म्हणाले, "म्हणून तो कुणालाच महाग पडला नाही." मी शालीखाली घामाघूम झाले. इतके दिवस ज्या उसनवारीचा अभिमान मिरवला तीच आबांच्या शेडमधल्या राखेच्या मुळाशी होती.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि आबा आत आले. कोट, छातीवर पदकं, पायात चकचकीत बूट. एका हातात फडक्यात बांधलेल्या बश्या, दुसऱ्या हातात पितळेची रिकामी वाटी. ती आमच्या स्वयंपाकघरातली साखरेची वाटी होती.

ते सरळ मंचासमोर आले. माझ्या शालीकडं बघितलं. "अभिनंदन, सूनबाई," असं अगदी गंभीरपणे म्हणाले. मग साहेबांना कडक सॅल्यूट ठोकला. साहेब गडबडून उभे राहिले.

"साहेब, हितं समदे एकमेकास्नी धूर उसना देत्यात आसं ऐकलं. मीबी शेजारी हाय. वाटी घिऊन आलोय. मला तीनशे किलो पाहिजे."

"आबा, तुमाला कशाला?" मालक म्हणाले.

"मी जाळणार न्हाई. घरात ठिवणार. माजा बेदाणा हुईस्तवर."

साहेबांनी नियमांची चोपडी उघडली. "आजोबा, परवाने फक्त धूर सोडणाऱ्यांनाच घेता येतात. तुमची चिमणी नाही."

"धूर सोडतो की! बेदाण्याला गंधकाची धुरी देतो मी. या की माज्या शेडात, डोळं उघडून दावा."

"गंधक ह्या योजनेत नाही. योजनेत फक्त राख आहे."

"मग गंधकाचं नका दिऊ. राखंचं द्या."

साहेबांनी चोपडी मिटली. हॉलमध्ये हशा पिकला, पण आबा हसत नव्हते. वाटी पुढं केलेलीच होती. आणि आमच्याकडं वाटी घेऊन दारात आलेल्या शेजाऱ्याला नाही म्हणत नाहीत. घरात साखर नसली तर गूळ देतात, पण रिकामं पाठवत नाहीत. हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. सगळे आपापल्या बुटांकडं बघत होते.

भुकटीकाका उठले. "सुबेदार, माजं तीनशे तुमचं. नियमात बसत न्हाई, तर ऱ्हाऊ द्या माज्याच खात्यात. पर तुमच्या नावानं. दुसऱ्या कुणाला न्हाई द्येणार." मग ओतकामवाला उठला, मग तेलगिरणीवाला. बश्या सोडायची वेळच आली नाही. त्या तशाच गाठोड्यात राहिल्या.

आमचे मालक पांढरेफटक. "आवं, मग आमच्या बॉयलरचं काय?"

"मागा की उसनं," आबा म्हणाले. "आता माज्याकडं हायेत."

"द्याल?"

"न्हाई."

मालकांनी तिथल्या तिथं माझ्याकडून कॉम्प्युटर उघडून घेतला आणि पहिल्यांदा खऱ्या रुपयांत खरेदीची बोली लावली. कुणी विकेना. मालकांनी भाव वाढवला. तरी कुणी विकेना. साहेब खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, पडद्याकडं डोळे लावून. "मॅडम, भाव आला!" ते पुटपुटले. कॉलेजचा निकाल लागल्यासारखे ते हसत होते. भाव तिसऱ्यांदा वाढला तेव्हा मालकांनी डोकं खाजवलं, मनातल्या मनात काही हिशेब केला आणि म्हणाले, "मॅडम, त्या पिशव्यावाल्याला फोन लावा."

बॉयलर बुधवारी बंद झाला. सहा दिवसांत पिशव्या बदलून झाल्या. शाल मी आत्याबाईंना दिली. त्यांनी ती ठेवून घेतली आणि बश्यांचा विषय काढला.

आबांचा दुसरा माल शेडमध्ये पडला तो हिरवागार निघाला. बोट रोज कोरं. पहिला माल मात्र तसाच होता, काळ्या ठिपक्यांचा. सौद्यात त्याला काय मिळालं असतं ते विचारायची माझी हिंमत नव्हती, पण विकायचा प्रश्न नव्हताच. तो पलटणीचा होता. मी आबांना म्हटलं, यंदा पलटणीला दुसरा माल पाठवू, पंधरा दिवस उशीर होईल एवढंच. काय बिघडतं?

"पहिला म्हंजे पहिला," ते म्हणाले. "बदलून द्यायला त्यो काय तुमचा कागद हाय?"

मग आम्ही दोघं निवडायला बसलो. चार संध्याकाळी, पाटावर, मांडीवर सूप घेऊन, एकेक दाणा ओल्या फडक्यानं पुसत. मी जास्त पुसत होते. आबा मधेच एखादा दाणा तोंडात टाकायचे आणि पुढचा घ्यायचे. मी त्यांची माफी मागितली. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळं ती जरा रागावल्यासारखीच निघाली. ते म्हणाले, "हात चालीव." सात पिशव्या भरल्या, शिवल्या, पत्ते लिहिले, आणि मीच पोस्टात देऊन आले.

आठवड्यानं गढवालच्या हवालदाराचा फोन आला. तोफांनी आबांचा एक कान कधीच निकामी केलाय, म्हणून ते फोन स्पीकरवर लावतात आणि सगळ्या घराला ऐकू येतो. मी मोरीवर बश्या घासत होते, आत्याबाईंनी अखेर त्या परत मिळवल्या होत्या.

"सुबेदार साब, माल पहुँच गया," हवालदाराचा म्हातारा आवाज आला. "मीठा है. पर इस बार थोड़ा धुएँ का स्वाद है. किसका धुआँ है, साब?"

आबांनी मोरीकडं मान वळवली. मी हात थांबवून उभी होते.

"घर का ही है," आबा म्हणाले. "खा ले."

हवालदार खो खो हसला आणि पुढं गुडघेदुखीचं विचारायला लागला. मी हातातली बशी घासत राहिले. ती मघाशीच लख्ख निघालेली होती.